शिकागो नदी : एक पाणी, तीन वाटेकरी

अमेरिकेतील शिकागो शहराच्या मध्यातून वाहणारी शिकागो नदी मुळात मिशिगन सरोवराला मिळत असे. शहराचे सांडपाणी नदीत, नदी सरोवरात आणि पिण्याचे पाणीही त्याच सरोवरातले! विषमज्वराने हैराण झालेल्या या शहराने अखेर सुमारे ४५ किलोमीटर लांबीचा कालवा खोदला आणि जानेवारी १९०० मध्ये नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. मैला मिसिसिपीच्या खोऱ्याकडे वळला. प्रवाहाच्या खालच्या अंगाला असलेल्या मिसुरी राज्याने याविरुद्ध दाद मागितली. पण १९०६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. १८४८ च्या अरुंद कालव्याने जोडलेली पंचमहासरोवरे आणि मिसिसिपी ही दोन जलखोरी नव्या कालव्याने कायमची एकत्र आली. आजच्या पेचाचे मूळ या जोडणीत आहे.

वाळू, सिमेंट, मीठ असा माल वाहणारे बार्ज आजही या जलमार्गावर चालतात. शहराच्या मध्यभागी मात्र पर्यटकांच्या बोटी आणि कयाक यांचीच गर्दी अधिक. १९७५ मध्ये सुरू झालेले खोल बोगद्यांचे काम आणि २०१५-१६ मध्ये दोन केंद्रांत सुरू झालेले सांडपाण्याचे निर्जंतुकीकरण यांमुळे पाणी सुधारले. सप्टेंबर २०२५ मध्ये या नदीत जलतरण सोहळा झाला. तसा तो १९२७ नंतर प्रथमच होत होता. उत्तर शाखेवर तरंगत्या वाफ्यांची बागही उभी राहिली आहे.

पाणी सुधारले, तसा मासाही आला. परंतु नको तो. सिल्व्हर कार्प हा महाराष्ट्रातील मत्स्यशेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा मासा. १९७० च्या दशकात तो तळी स्वच्छ ठेवण्यासाठी अमेरिकेच्या दक्षिण भागात आणला गेला, तेथून निसटला आणि इलिनॉय नदीतून वर सरकू लागला. तो सरोवरांत शिरला तर तेथील मासेमारी धोक्यात येईल, ही भीती आहे. म्हणून २००२ पासून रोमिओव्हिलजवळ पाण्यात वीज सोडून अडसर उभारण्यात आला. या पट्ट्यात कयाकना मज्जाव आहे. बोटीच्या उघड्या डेकवर असलेल्या प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट सक्तीचे आहे. एवढे करूनही बार्जच्या जोडांमधील फटीत अडकलेले लहान मासे हा अडसर ओलांडू शकतात, असे चाचण्यांत दिसून आले. निसर्गाच्या रक्षणासाठी क्रीडानौकांना रोखले, पण मासा वाहून नेऊ शकणारी मालवाहतूक सुरूच राहिली.

जलद्वारेच बंद करावीत, ही मिशिगन राज्याची मागणी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तातडीने मान्य केली नाही. दोन्ही खोरी पुन्हा वेगळी करण्याचा पर्याय लष्करी अभियंत्यांनी २०१४ मध्ये तपासला. त्याचा अंदाजित खर्च १८ अब्ज डॉलरच्या घरात आणि कालावधी सुमारे २५ वर्षांचा निघाला. शिवाय मालवाहतूकदारांचा त्याला विरोध. त्यानंतर जोलिएटजवळील ब्रँडन रोड जलद्वारापाशी वीज, ध्वनी आणि बुडबुडे यांचा एकत्रित अडसर उभारण्याची योजना पुढे आली. बार्ज चालू ठेवूनच मासा रोखायचा, ही तिची मुख्य अट. त्यासाठी इलिनॉय, मिशिगन आणि केंद्र यांच्यात २०२४ मध्ये करार झाला.