नाण्याला भोक पाडावं का? जोगलटेंभी ते कोटिलिंगाल

माझी सगळी नोकरी कोळशात गेली. मंचेरियलच्या आसपास कोळशाची प्रयोगशाळा ज्यांनी पाहिली आहे त्यांना पद्धत ठाऊक असेल. वॅगनमधून माल काढायचा, ढीग करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा तेच. शेवटी २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली पूड उरते. त्यातली एक ग्रॅम ८१५ अंशांवर जाळली की राख किती ते कळतं. नमुना जळाला याचं कुणाला वाईट वाटत नाही, मागे अख्खी वॅगन उभी असते.

इतिहासाकडे वळलो तेव्हा ही सवय सोबत आली. आजीच्या डब्यातला हाली सिक्क्याचा एक तांब्याचा पैसा मी पहिल्याच उत्साहात चिंचेने घासून लख्ख केला. अक्षरं पुसट झाली ती झालीच, शिवाय इतक्या वर्षांत धातूवर काय काय घडलं त्याची नोंद असलेला थर नळाखाली वाहून गेला. दुसरा पैसा नव्हता.

आता आपल्या दाराशी या. मंचेरियलच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या दक्षिण काठावर पेद्दवागू मिळते तिथे कोटिलिंगाल आहे. तिथे छिमुक नावाची नाणी सापडली. बहुतेक अभ्यासक त्याला सातवाहनांचा पहिला राजा सिमुक मानतात, ज्याचं नाव नाणेघाटातल्या लेण्यातही कोरलेलं आहे. म्हणजे एवढ्याशा धातूच्या तुकड्यावरच्या चार अक्षरांवर केवढा मोठा वाद उभा आहे पाहा. या नाण्याचा धातू तपासायचा म्हटलं तर हात कुठे लावायचा?

सोनारांनी यावर फार पूर्वी तोडगा काढला होता. कसोटीवर एक रेघ ओढायची, बस. दागिना जवळजवळ शाबूत राहतो. आपला ‘हिणकस’ हा शब्दही त्या कसावरूनच आलेला. पण कौटिल्य अर्थशास्त्रात या रेघेबद्दलही सावध करतो: नखाआडून गेरूची पूड सोडून कस बदलणारे लोक होते. वरवर पाहणारी तपासणी वरवरच्याच गोष्टीने फसते, हे त्याने ओळखलं होतं.

आजची कसोटी म्हणजे क्ष-किरणांची बंदूक, एक्सआरएफ. नाण्यावर टेकवा, मिनिटभरात टक्केवारी. ना पूड, ना आम्ल, ना ओरखडा. कारखान्यात पाइपचं पोलाद ओळखायला आम्ही हीच वापरत होतो आणि नाण्यांसाठी ती वरदान आहे असं मला खरोखर वाटत होतं. अडचण अशी, की धातूतून परत येणारे किरण फार तर काही दहा मायक्रॉन खोलीवरून येतात, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. आणि जुन्या नाण्याची तेवढीच कातडी आतल्या धातूसारखी नसते. चांदीत तांबं मिसळलेलं असेल तर टाकसाळीत तापवून आम्लात बुडवताना वरचं तांबं निघून जातं. मग शेकडो वर्षं माती उरलेलं ओढून घेते. वर चांदीच चांदी दिसते.

रोमन दीनारांबाबत हेच झालं. वॉकर यांनी १९७० च्या दशकात पृष्ठभागावरून मोजलं तेव्हा नीरोच्या सुधारित दीनारात चांदी ९० टक्क्यांच्या पुढे आली. पुढे बुचर आणि पाँटिंग यांनी कडेतून बारीक ड्रिल घातलं, सुरुवातीचा कीस टाकून दिला आणि आतला तपासला. तो सुमारे ८० टक्के निघाला. रोमच्या खजिन्याचा अख्खा हिशेब त्यामुळे बदलला. नाण्याला फारसा धक्का लागला नव्हता, पण उत्तर चुकलं होतं.

म्हणून मला नाशिकजवळचं जोगलटेंभी आठवतं. १९०६ मध्ये तिथे नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा मारले होते. या नाण्याचा चेहरा हाच पुरावा आहे. हरलेल्या राजाच्या मुखवट्यावर जिंकलेल्याची चिन्हं! तो चेहरा घासणं म्हणजे कागदपत्र फाडणं. पण क्षत्रपांची चांदी किती शुद्ध होती, हा प्रश्न आतल्या धातूचा आहे, आणि त्याला कडेतून दहा-वीस मिलिग्रॅम कीस लागतो. नाणं दोन ग्रॅमच्या आसपास असतं. जुन्या मुशीच्या पद्धतीला त्यातलं पाव ग्रॅमसुद्धा गेलं असतं. हजारोंच्या ढिगातून थोडी निवडून, वजन आणि फोटो घेऊन, कडेला छोटं भोक पाडायला माझी हरकत नाही. इथे कोळशाचाच न्याय लागतो.

छिमुकाच्या नाण्याला तो न्याय लावता येणार नाही. तिथे बंदूकच बरी, पण तक्त्यात ‘पृष्ठभागाचं मोजमाप’ हे शब्द हवेत, आणि नाणं आधी साफ केलं होतं का, कशाने, हेही. बरेच तक्ते छापताना नेमकं हेच गाळतात. पाण्यात तोलून घनता काढणं निरुपद्रवी खरं, पण ते दोन धातूंच्या मिश्रणापुरतंच ठीक. पोटीनमध्ये तांबं, कथील, शिसं असे तिघे असतात, एका आकड्यातून तिघांचा वाटा कसा काढणार?

आणि हो, सातवाहनांची शिशाची नाणी ज्यांच्या संग्रहात आहेत त्यांनी ती लाकडी कपाटात ठेवू नयेत. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी येते. ती पुसली की अक्षरंही जातात, मग भोक पाडावं की नाही हा प्रश्नच उरत नाही.