भाकरीवाली बाई संध्याकाळी येते

आज आम्ही तुमच्याशी प्रवासातल्या खाण्याबद्दल बोलणार आहोत. थोडा इतिहास सांगू आणि शेवटी आमच्या हातून झालेली एक चूकही सांगू.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंची मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला सिलिएक नावाचा आजार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांमध्ये ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. या आजारात ते पोटात गेलं की लहान आतड्याला इजा होते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. पोट दुखतं, जुलाब होतात, वजन वाढत नाही, रक्त कमी होतं. यावर गोळी नाही. ग्लूटेन जन्मभर टाळायचं, हाच उपचार. घरात ते जमतं. अडतं ते घराबाहेर पडल्यावर.

गेल्या हिवाळ्यात आम्ही गटाचा माल घेऊन पुण्याच्या एका प्रदर्शनाला निघालो. त्या ताईही मुलीला घेऊन जीपमध्ये होत्या, कारण पुण्यात तिची तपासणी होती. सोलापूर ते पुणे हा साधारण अडीचशे किलोमीटरचा रस्ता. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण. सगळा ज्वारीचा मुलूख. पण जिथं थांबलो तिथं वडापाव, मिसळपाव, समोसा, बिस्किटं. ढाब्यावर रोटी आणि चपाती. एका ढाब्याच्या पाटीवर ‘गरम भाकरी मिळेल’ असं लिहिलेलं दिसलं म्हणून उतरलो. गल्ल्यावरचे दादा म्हणाले, "भाकरीवाली बाई संध्याकाळी येते. आता चपाती आहे."

आम्ही परत जीपमध्ये बसलो, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. रस्त्यावरून भाकरी कुठं गेली, याचं उत्तर त्या एका वाक्यात आहे असं आम्हाला वाटतं.

आपल्या आज्या-पणज्या बैलगाडीनं जत्रेला जायच्या तेव्हा बरोबर ज्वारीचं पीठ, तिखट-मीठ आणि तवा असायचा. पाण्याची सोय बघून गाडी सोडायची, तीन दगडांची चूल मांडायची आणि भाकरी थापायची. लांबच्या वाटेला दशमी, म्हणजे पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेली भाकरी. ती दोन-तीन दिवस मऊ राहायची. सोलापूरकडची आणखी एक युक्ती म्हणजे कडक भाकरी. पातळ थापायची, भाजायची आणि मंद आचेवर पार कुरकुरीत होईपर्यंत वाळवायची. ती आठवडेच्या आठवडे टिकते. शेंगाची चटणी आणि दही असलं की दुसरं काही लागत नाही. गहू होता, पण तो सणाचा. पुरणपोळी होळीला, रोजची ती भाकरी. त्या काळी कुणी ‘ग्लूटेन-फ्री’ हा शब्द ऐकला नव्हता, पण आपल्या भागातली गरिबाची शिदोरी तशीच होती.

आपल्या जिल्ह्याला ज्वारीचं कोठार म्हणतात ते उगाच नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आपण ज्याला शाळू म्हणतो ती मालदांडी ज्वारी निवडून तिचं सुधारित वाण तयार झालं ते मोहोळच्या संशोधन केंद्रावर. ते मोहोळ याच महामार्गावर आहे आणि तिथंच आम्हाला सकाळी भाकरी मिळाली नाही.

मग गहू रस्त्यावर आला कसा?

पाव आधीपासून होता. तो शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला. पण गावोगावी गहू पोचला तो स्वातंत्र्यानंतर. १९५६ साली भारतानं अमेरिकेशी ‘पीएल-४८०’ हा करार केला आणि तिकडचा गहू बोटीनं येऊ लागला. १९६५-६६च्या दुष्काळात तर वर्षाला एक कोटी टनांच्या आसपास धान्य बाहेरून आणावं लागलं, त्यातला मोठा वाटा गव्हाचा होता. १९६६ साली मेक्सिकोतून बुटक्या गव्हाचं अठरा हजार टन बियाणं आणलं गेलं. हरितक्रांती म्हणतो ती तिथून वेगात आली. १९६४-६५मध्ये देशात सव्वा कोटी टनांच्या आत गहू पिकत होता, तो पाचच वर्षांत दोन कोटी टनांवर गेला. सरकार गहू विकत घेऊ लागलं आणि रेशनच्या दुकानातून तो घरोघर आला. लोकांचं पोट भरलं, हे विसरून चालणार नाही. आमच्या वडीलधाऱ्या बायका १९७२च्या दुष्काळाची आठवण काढतात तेव्हा रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीला अजून नावं ठेवतात. त्यापुढं पांढरी चपाती म्हणजे चांगले दिवस, असं त्यांना वाटलं तर नवल नाही.

त्याच सुमारास रस्तेही वाढत होते. १ जून १९४८ला पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. पुढं गावोगावी स्टँड झाले, स्टँडपाशी कँटीन आले, बेकऱ्या आल्या. मुंबईत १९६०च्या दशकात वडापाव सुरू झाला आणि बघता बघता प्रत्येक स्टँडवर पोचला.

पण गहू स्वस्त झाला, एवढंच कारण नाही. खरं कारण हाताला माहीत आहे. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की ते चिवट होतं, ताणलं तरी तुटत नाही. हा चिवटपणा ग्लूटेनचा. म्हणून कणीक सकाळी मळून ठेवता येते, कुणीही पोरगा लाटतो. पाव तर आदल्या दिवशीचाही चालतो. ज्वारीत ग्लूटेन नाही. तिचं पीठ आधणाच्या पाण्यात मळायचं, लगेच थापायचं, एकेक भाकरी हातानं फिरवायची आणि अलगद तव्यावर टाकायची. मळून ठेवली तर चिरते. म्हणजे गव्हाच्या पोळीत जे काम ग्लूटेन करतं, ते भाकरीत बाईचा हात करतो. हॉटेलवाल्याला तो हात दिवसभर ठेवणं परवडत नाही. म्हणून भाकरीवाली बाई संध्याकाळी येते.

सरकारी थाळीतही हाच बदल दिसतो. १९९५ साली राज्य सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं सुरू केली होती. आमच्यापैकी अनेकींनी लहानपणी स्टँडजवळ ती पाहिलेली आहेत. पुढं ती योजना बंद झाली. २०२० साली दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. तिच्यात दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. पंचवीस वर्षांत भाकरीच्या जागी चपाती आली, आणि फार कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या मुलीसारख्या लेकराच्या लक्षात येतं, कारण त्या थाळीत तिच्यासाठी वरण-भातच उरतो, तोही वरणाच्या फोडणीतल्या हिंगात मैदा नसेल तर.

हा आजार गव्हानं होतो, हे कळायलाही विसावं शतक अर्धं सरावं लागलं. १९२४ साली अमेरिकेतले डॉक्टर हास अशा मुलांना केळ्यांवर ठेवायचे. मुलं सुधारायची, म्हणून गुण केळ्याचा असं सगळ्यांना वाटलं. खरं तर गहू बंद झाला होता म्हणून ती सुधारत होती. हे उलगडलं नेदरलँड्समधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी. पावाशी या आजाराचा संबंध असावा, असं त्यांना आधीच वाटत होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५च्या हिवाळ्यात, त्या देशात उपासमार झाली. पाव मिळेना, लोक ट्यूलिपच्या फुलांचे कांदे खाऊ लागले. बाकीचे लोक खंगत असताना सिलिएकची मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध मांडला. इकडं आपल्याकडं गव्हाच्या बोटी लागायला तेव्हा सहा वर्षं अवकाश होता.

आता आमची चूक. त्या दिवशी ढाब्यावर काही मिळालं नाही तरी आम्हाला फारशी काळजी नव्हती. आमच्याकडे गटाच्या कडक भाकरीची पाकिटं होती, निव्वळ ज्वारीची. मुलीनं ती पोटभर खाल्ली. टेंभुर्णीच्या पुढं केळी घेतली, तीही खाल्ली. पुण्यात पोचलो त्या रात्री तिचं पोट दुखायला लागलं, सकाळपर्यंत जुलाब. डॉक्टरांनी काय-काय खाल्लं ते विचारलं आणि मग एकच प्रश्न केला, "पीठ दळलं कुठं?"

आमच्या तोंडून शब्द फुटेना. पीठ गावच्या गिरणीत दळलं होतं. गिरणीत आपण स्वतःच सांगतो, "आमचे गहू गव्हावर टाका, ज्वारीवर नको." म्हणजे आधीच्या दळणाचं पीठ पुढच्यात मिसळतं, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. चपाती बिघडू नये म्हणून आपण ते पाळतो. पण ज्वारी गव्हावर पडली तर एखाद्या लेकराला बाधेल, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. ग्लूटेन-फ्री म्हणून विकायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, असा आपल्या देशातला नियम आहे. किलोभर ज्वारीच्या पिठात चिमूटभर कणीक पडली तरी ही मर्यादा ओलांडली जाते.

आजीच्या जात्यावर हा प्रश्न कमी होता. तिचं जातं तिच्या घरचं, दळण बहुतेक ज्वारीचं. गिरणी आली आणि बाईची पहाटेची मेहनत वाचली. ते दिवस परत यावेत असं आम्ही कधीच म्हणणार नाही. पण गिरणीनं सगळ्या गावाचं पीठ एकत्र आणलं, हेही खरं आहे.

मुलगी चार दिवसांनी सावरली. गावी आल्यावर आम्ही बैठक घेतली. दोन तास भांडण झालं. एवढ्या एका मुलीसाठी खर्च कशाला, असंही कुणी म्हणालं. त्या ताई काही बोलल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या. शेवटी ठराव झाला. बचतीतून एक घरगुती गिरणी घेतली, तिच्यात ज्वारीशिवाय काही दळायचं नाही. परात, तवे, चाळण्या वेगळ्या केल्या. ज्वारी आधी निवडून घ्यायची, कारण पोत्यातही गव्हाचे दाणे सापडतात. आणि पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ असं आम्ही अजून छापलेलं नाही. प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय छापणारही नाही.

प्रवासाला निघताना आम्ही आता काय बघतो तेही सांगतो. ‘उपवासाचे पदार्थ मिळतील’ ही पाटी आमची मैत्रीण झाली आहे. भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा यांत ग्लूटेन नाही. पण साबुदाणा वडा समोशाच्याच तेलात तळलाय का, ते विचारायचं. भिगवणला मासा घ्यायचा तर रवा लावलाय का तांदळाचं पीठ, ते विचारायचं. थालीपीठ ज्वारीचं दिसतं, पण भाजणीत बहुधा गहू असतात. रवा इडली नको, तांदळाची चालते. केळी, उकडलेली अंडी, भाजलेले शेंगदाणे कुठंही मिळतात. आणि पिशवीत कडक भाकरी हवीच.

त्या ढाब्यावर आम्ही मागच्या महिन्यात पुन्हा थांबलो. मुलीनं पिशवीतली भाकरी काढली आणि दादांकडं फक्त दही मागितलं. त्यांनी चौकशी केली. आम्ही दोन पाकिटं त्यांच्या गल्ल्यावर ठेवून आलो. खपली तर आणखी देऊ. भाकरीवाली बाई संध्याकाळी येते तर येऊ दे, तिच्या हातची भाकरी सकाळी तिथं असली पाहिजे. आणि तिला तिच्या हाताचे पैसे मिळाले पाहिजेत.

तुमच्या गावच्या रस्त्यावर कुठं भाकरी मिळत असेल तर आम्हाला जरूर कळवा.