रुपया कुठे 'राजा' होतो? स्वस्त परदेशवारीमागचा इतिहास

 

सुट्ट्या जवळ आल्या की फोनवर एकाच छापाच्या रील्स सुरू होतात. "या पाच देशांत तुमचा रुपया राजा!" मागे समुद्र, पुढे हातात परदेशी नोटांची गड्डी. आणि मग मेसेज येतात, "दादा, एका रुपयाला तीनशे डाँग मिळतात म्हणे. म्हणजे व्हिएतनाम सगळ्यात स्वस्त ना?"

व्हिएतनाम स्वस्त आहेच. पण त्याचा त्या तीनशेशी फारसा संबंध नाही. आज हेच सांगायचंय. विनिमय दराचा आकडा बघून देश निवडायचा नसतो, तो आकडा तसा का झाला हे बघून निवडायचा असतो. आणि हे 'का' इतिहासात सापडतं.

सुरुवात आपल्या घरापासून करू. पेशवाईच्या काळात रुपया एकच नव्हता. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे कितीतरी रुपये बाजारात फिरायचे. प्रत्येकात चांदी वेगळी, म्हणून प्रत्येकाची किंमत वेगळी. एका गावचा रुपया दुसऱ्या गावात चालवायचा तर सराफ तो पारखायचा आणि बदलून देताना काही रक्कम कापून घ्यायचा. या कापलेल्या रकमेला 'बट्टा' म्हणायचे. नावाला बट्टा लागला, असं आपण म्हणतो ना, तोच हा शब्द. सराफ आणि पोतदार ही आडनावंही याच धंद्यातली. म्हणजे नाणं वरून कसं दिसतं यावर जायचं नाही, आत काय आहे ते बघायचं, हे शहाणपण आपल्याकडे जुनंच आहे.

आता डाँगकडे वळू. एका रुपयाला तीनशे कसे झाले?

अमेरिकेबरोबरचं युद्ध १९७५ मध्ये संपलं, पण देश खिळखिळा झाला होता. १९८५ मध्ये तिथल्या सरकारने चलन बदललं, दहा जुन्या डाँगच्या जागी एक नवा. उपाय अंगलट आला. पुढच्याच वर्षी महागाई वर्षाला कित्येक शे टक्क्यांवर गेली. डिसेंबर १९८६ मध्ये सरकारने 'दोई मोई' नावाच्या आर्थिक सुधारणा सुरू केल्या. हळूहळू गाडी रुळावर आली, पण नोटांवर चढलेली शून्यं तशीच राहिली. आज तिथे ५,००,००० डाँगची नोट मिळते. ऐकायला पाच लाख, पण आपल्या हिशोबाने साधारण सोळाशे-सतराशे रुपये.

म्हणजे ती शून्यं चाळीस वर्षांपूर्वीच्या महागाईची खूण आहेत. तुमच्यासाठी लावलेला तो सेल नाही. तिथे फोचा एक वाडगाच चाळीस-पन्नास हजार डाँगला असतो, त्यामुळे खिशात लाखो असून उपयोग काय?

पटत नसेल तर दोन चलनं शेजारी ठेवून बघा. एका थाई बाथला आपले अडीच रुपये किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात. एक जपानी येन मात्र रुपयापेक्षाही स्वस्त. नुसत्या आकड्यावर गेलात तर जपान स्वस्त आणि थायलंड महाग ठरेल. बँकॉकमधलं जेवण आणि टोकियोतलं हॉटेल यांची बिलं बघितलेल्या कुणालाही विचारा, उलटंच सांगेल.

मग रुपयाला 'राजा' कधी म्हणायचं? जेव्हा समोरचं चलन कालपेक्षा आज पडलेलं असतं आणि तिथल्या किमती अजून त्या प्रमाणात वाढलेल्या नसतात तेव्हा. ही एक खिडकी असते. उघडते आणि बंदही होते. तीन देशांच्या उदाहरणांतून बघू.

पहिलं उदाहरण थायलंड. कित्येक वर्षं एका डॉलरला साधारण २५ बाथ हा दर जवळपास पक्का होता. त्या भरवशावर तिथल्या कंपन्यांनी डॉलरमध्ये भरपूर कर्ज काढलं. २ जुलै १९९७ ला सरकारने हात टेकले आणि बाथ बाजारावर सोडून दिला. जानेवारी १९९८ पर्यंत एका डॉलरला पन्नासहून जास्त बाथ मिळायला लागले होते. सहा महिन्यांत चलनाची किंमत निम्म्याहून खाली!

परदेशी माणसासाठी थायलंड अर्ध्या किमतीत आलं. सरकारनेही ते ओळखलं आणि १९९८ मध्ये 'अमेझिंग थायलंड' ही मोठी पर्यटन मोहीम सुरू केली. थायलंडची आज जी ओळख आहे, तिच्या बांधणीत या मोहिमेचा मोठा वाटा आहे.

पण त्याच बँकॉकमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये ५६ वित्त कंपन्यांना कायमचं टाळं लागलं. सिरिवत वोरावेतवुथिकुन नावाचा एक बडा गुंतवणूकदार कर्जात बुडाला आणि गळ्यात पेटी अडकवून रस्त्यावर सँडविच विकायला लागला. जगभरच्या पत्रकारांनी त्याच्यावर लिहिलं. पर्यटकाला जी सवलत मिळत होती, तिची दुसरी बाजू ही अशी होती.

दुसरं उदाहरण तुर्कस्तान. इथे खिडकी उघडी दिसते, पण तिला काच असते! २०२१ च्या सुरुवातीला एका लिराला आपले जवळपास दहा रुपये पडायचे. तीन वर्षांनी तीनच्या आत. रील्सवाले खूश, "इस्तंबूल फुकटात!" पण मधल्या काळात तिथली महागाई बघा. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो दर सरकारी आकड्यांनुसारच ८५ टक्के होता. त्या तीन वर्षांत किमती तिपटीहून जास्त वाढल्या. म्हणजे लिरा पडला तेवढ्याच किमती चढल्या, तुमच्या हाती काय आलं? शिवाय पर्यटकांच्या कितीतरी गोष्टींचे दर युरोत लावले जातात. हागिया सोफियात जायला जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना २५ युरोचं तिकीट आहे. लिरा कितीही पडो, ते तिकीट स्वस्त होत नाही.

तिसरं उदाहरण जपान, आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच, कारण इथे खेळ पूर्ण उलटलाय.

जपानमध्ये १९६४ पर्यंत सामान्य माणसाला नुसतं फिरायला म्हणून परदेशी जाताच यायचं नाही. त्या वर्षी १ एप्रिलला परवानगी मिळाली, तीही वर्षातून एकदा आणि सोबत फक्त ५०० डॉलर. तेव्हा एका डॉलरला ३६० येन पडायचे. पुढे सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी करार केला, डॉलर खाली आणायचा. त्या सुमारास डॉलरला २४० च्या आसपास असलेला येन दोन-तीन वर्षांत १२० च्या घरात आला. जपानी माणसासाठी सगळं जग अर्ध्या किमतीत! १९८५ मध्ये वर्षाला सुमारे ५० लाख जपानी परदेशी जायचे, १९९० मध्ये तो आकडा एक कोटीच्या वर गेला. हवाई बेटांवर, पॅरिसच्या दुकानांत जपानी पर्यटक दिसणं नेहमीचंच झालं.

आता आजचं बघा. २०१२ मध्ये १०० येनसाठी आपले ६५-६७ रुपये लागायचे. जुलै २०२४ मध्ये साधारण ५२. याच बारा वर्षांत आपला रुपया डॉलरसमोर ५३ वरून ८३ वर घसरला होता, हेही लक्षात घ्या. म्हणजे आपण पडलो, पण येन आपल्यापेक्षा जास्त पडला. आणि जपानमध्ये बरीच वर्षं किमती जवळपास जागच्या जागी होत्या. म्हणून हजार येनचा रामेनचा वाडगा तेव्हा साडेसहाशेला पडायचा आणि २०२४ मध्ये सव्वापाचशेच्या आसपास. याला म्हणायचं खरं स्वस्त होणं. २०२४ मध्ये जपानला ३ कोटी ६८ लाखांहून जास्त परदेशी पर्यटक आले, तोवरचा विक्रम. आणि एकेकाळी जग फिरणारा जपानी माणूस आता परदेशातलं हॉटेलचं बिल बघून घरीच थांबतोय.

आता म्हणाल, हे सगळं दुसऱ्यांचं झालं, आपलं काय? आपणही या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय.

आज दुबई म्हटलं की महाग. एका दिरहमला वीसहून जास्त रुपये. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वी दुबईच्या बाजारात आपलाच रुपया चालायचा. कुवेत, बहारीन, कतार, सगळीकडे. तिथे रुपये देऊन सोनं घ्यायचं आणि ते चोरून भारतात आणायचं, असा धंदा इतका वाढला की १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. छापल्या कुठे? आपल्या नाशिकरोडला! त्यांना 'गल्फ रुपी' म्हणतात. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला, तेव्हा एका दिनारला सव्वातेरा रुपयांपेक्षा थोडा जास्त दर ठरला होता.

मग ६ जून १९६६ उजाडला. आदल्या दिवशी इंदिरा गांधींच्या सरकारने रुपयाचं अवमूल्यन जाहीर केलं होतं. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून थेट साडेसात रुपये. ज्या अमिरातींत अजून रुपया चालत होता, तिथल्या लोकांच्या पेटीतल्या पैशाची किंमत एका रात्रीत एक तृतीयांशाहून जास्त घटली. त्याच वर्षी दुबई आणि कतारने रुपयाला रामराम ठोकला.

आणि इथे भारतात? त्याच सुमारास युरोपातून बसने, व्हॅनने, मिळेल त्या वाहनाने हिप्पी यायला लागले. गोव्यात अंजुणाच्या किनाऱ्यावर महिनोन्‌महिने राहायचे. त्याला इतरही कारणं होती, पण थोड्या डॉलरमध्ये बरेच दिवस निघायचे हेही एक होतंच. म्हणजे आज आपण ज्या यादीत देश शोधतो, त्या यादीत तेव्हा आपलं नाव होतं. आपल्याला मात्र परदेशी जायचं तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागायची आणि आठ डॉलर खिशात घालून विमानात बसलेल्या माणसांच्या आठवणी आजही घराघरांत निघतात. १९९१ मध्ये तर परकीय गंगाजळी इतकी आटली की रिझर्व्ह बँकेला जवळपास ४७ टन सोनं परदेशी पाठवून कर्ज काढावं लागलं. २००४ मध्ये सामान्य माणसाला वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत बाहेर नेण्याची मुभा मिळाली, आता ती अडीच लाख डॉलर आहे. आज तुम्ही मोबाइलवर फॉरेक्स कार्ड काढता, त्याच्या मागे हा एवढा रस्ता आहे.

बरं, मग देश निवडायचा कसा? माझी पद्धत सांगतो.

आधी दर आज किती आहे यापेक्षा पाच वर्षांपूर्वी किती होता ते बघा. शून्यं मोजू नका, बदल मोजा. नेपाळी रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाला १.६० या दराने बांधलेला आहे, तिथे दराची लॉटरी लागणारच नाही. भूतानचं चलन आपल्या बरोबरीचं, पण भारतीय पर्यटकाला रात्रीमागे १,२०० रुपये शुल्क आहे. ते हिशोबात धरा.

मग त्याच काळात तिथली महागाई किती झाली ते बघा. चलन जेवढं पडलं तेवढ्याच किमती वाढल्या असतील तर तुर्कस्तान आठवा.

तिसरं, तुमचं बिल नक्की कोणत्या चलनात येणार? हॉटेल, प्रवेशशुल्क, टूर यांचे दर डॉलर-युरोत असतील तर स्थानिक चलन पडल्याचा फायदा फक्त चहा-नाश्त्यापुरता. म्हणून एका दिवसाचा साधा हिशोब मांडा: एक रात्र, दोन जेवणं, दिवसभराचा लोकल प्रवास. तिथल्या चलनात लिहा, मग रुपयांत करा. असे दोन-तीन देश शेजारी मांडले की रीलची गरजच उरत नाही.

आणि तिथे पोचल्यावर कार्ड मशीन विचारेल, "बिल रुपयांत करू का?" नको म्हणा. स्थानिक चलनच निवडा. रुपयांत केलं की मधला माणूस स्वतःचा दर लावतो. हा आजच्या काळातला बट्टा!

शेवटचं एकच. चलन पडलेल्या देशात अवश्य जा. त्या वेळी तिथल्या लोकांना बाहेरच्या पैशाची खरी गरज असते, थायलंडला पर्यटकांनी हातभारच लावला. फक्त तिथल्या टॅक्सीवाल्याशी, फळवाल्या मावशींशी शेवटच्या वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका. त्यांचा पगार आणि साठवलेला पैसा नुकताच निम्म्यावर आलेला असू शकतो. १९६६ आणि १९९१ आपल्या घरच्यांनी काढलंय, आपल्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

घरात कुणी आठ डॉलरच्या काळात परदेशी गेलं असेल तर त्यांना विचारा, आणि मला कळवा. पुढच्या भागात त्या गोष्टी नक्की घेऊ. भेटू परत. तोपर्यंत फिरत राहा, ऐकत राहा!