पर्समधला ठसका

१९६५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात एका तरुण शिक्षिकेला भर रस्त्यात लुटलं. ही हकिगत तिने डोरिस लिटमन या मैत्रिणीच्या घरी सांगितली. डोरिसचा नवरा अ‍ॅलन हा खटपट्या संशोधक. या जोडप्याने घरात चक्क मगर पाळली होती, त्यामुळे त्यांना कुठलीच कल्पना विचित्र वाटत नसावी. बाईमाणसाच्या पर्समध्ये मावेल असं हत्यार करायचं दोघांनी मनावर घेतलं.

अश्रुधूर पहिल्या महायुद्धापासून ठाऊक होता. पण धूरच तो, वारा फिरला की सोडणाऱ्याच्याच डोळ्यांत जायचा. लिटमनने तेच जुनं रसायन द्रवात विरघळवून छोट्या डब्यात दाबाखाली भरलं. बोंडी दाबली की चिळकांडी नेमकी समोरच्याच्या तोंडावर. मध्ययुगीन गदेवरून त्याला नाव दिलं ‘मेस’.

गिऱ्हाईक मात्र वेगळंच लाभलं. पोलिसांनी मेस उचललं आणि साठच्या दशकाच्या अखेरीस ते दंगलीत, युद्धविरोधी निदर्शनांत वापरात आलं. बाईच्या बचावासाठी काढलेली वस्तू दोन-तीन वर्षांत जमाव पांगवायला निघाली. त्यातही एक खोट होती: दारूच्या वा नशेच्या अंमलाखाली असलेल्या माणसावर तिचा फारसा असर होत नसे.

ती खोट मिरचीने भरून काढली, पण मिरची आली आडवाटेने. साठच्याच दशकात अमेरिकी पोस्टमन अंगावर येणाऱ्या कुत्र्यांसाठी मिरचीच्या अर्काचा फवारा बाळगू लागले होते. पुढे माँटाना विद्यापीठात कॅरी हंट यांनी अस्वलांवर प्रयोग केले. कुत्री झाली, अस्वलं झाली, मग माणसाची पाळी. १९८७ मध्ये एफबीआयने हा फवारा स्वीकारला आणि गावोगावच्या पोलिसांनी तिचा कित्ता गिरवला. एफबीआयमध्ये त्यावर संशोधन करणाऱ्या थॉमस वॉर्ड यांनी फवारा बनवणाऱ्याकडून ५७,५०० डॉलर घेतल्याची कबुली १९९६ साली कोर्टात दिली. तोवर फवारा पोलिसांच्या पट्ट्याला कायमचा लटकला होता.

डंकावर मिरच्या कांडायला गेलेल्याला याची करामत वेगळी सांगायला नको. नाकाला पदर लावला तरी ठसका लागतोच. मिरचीतलं कॅप्सेसिन मज्जातंतूंच्या ज्या संवेदकाला जाऊन चिकटतं, तोच भाजण्याची सूचना मेंदूला देतो; म्हणून काहीही न जळता आग होते. हा संवेदक १९९७ साली शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. फवारा बसताच डोळे आपोआप मिटतात, श्वास अडकतो, खोकल्याची उबळ थांबत नाही. अर्क तेलकट असल्याने नुसत्या पाण्याने सुटत नाही. बहुतेकांचा त्रास तासाभरात ओसरतो. दमेकऱ्याच्या मात्र तो जिवावर बेतू शकतो. ‘बिनघातक’ न म्हणता ‘कमी घातक’ म्हणतात ते यासाठीच.

कायद्याची तऱ्हा आणखी न्यारी. १९९३ च्या रासायनिक अस्त्रबंदी करारानुसार असली द्रव्यं युद्धात शत्रूवर वापरायला मनाई आहे. स्वतःच्या नागरिकांवर, बंदोबस्तासाठी, चालतात. ब्रिटनमध्ये पर्समध्ये हा फवारा सापडला तर बंदुकांच्याच कायद्याखाली गुन्हा. आपल्याकडे तो विनापरवाना मिळतो.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात उतरवलेली मिरची भारतातही हत्यार झाली. २०१६ मध्ये काश्मीरमध्ये सुरक्षा दलांच्या छर्ऱ्यांनी लोकांचे डोळे गेल्यावर ओरड झाली, तेव्हा पर्याय म्हणून ‘पावा’ गोळे पुढे आले. मिरचीत सापडणाऱ्या, कॅप्सेसिनच्याच गोतातल्या द्रव्याचे. त्याआधी १३ फेब्रुवारी २०१४ रोजी खुद्द लोकसभा ठसकली होती. तेलंगणा विधेयकाच्या गदारोळात विजयवाड्याचे खासदार लगडपाटी राजगोपाल यांनी सभागृहात फवारा मारला. काही खासदारांना रुग्णालयात हलवावं लागलं. राजगोपाल यांचं म्हणणं, आपण तो स्वसंरक्षणासाठी वापरला.