अँटिगनी, कुंभारकन्या आणि चार पुतळे



आजचा विषय ग्रीक पुराणकथांमधली पात्रे, असा जाहीर झाला आहे. संयोजकांनी हा विषय सुचवला तेव्हा पहिला प्रश्न आमच्याच मनात आला. जानेवारीचा महिना, गड्ड्याची यात्रा तोंडावर, आणि अशा वेळी सोलापूरकरांनी ग्रीकांच्या गोष्टी कशासाठी ऐकायच्या? उत्तर शेवटी देऊ. आधी एवढेच सांगतो, की ग्रीक माणूस आपल्याला वाटतो तितका परका नाही. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दान देणाऱ्या यवनांची नावे कोरलेली आहेत. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे जुने तगर, त्याचा उल्लेख पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात येतो. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडात पोसायडन या समुद्रदेवाची छोटी ब्राँझची मूर्ती सापडली. ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे, जाऊन बघा. आणि आपल्या मराठीतले अगदी सुरुवातीचे छापील पुस्तक कोणते? तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ साली निघालेले ‘बालबोध मुक्तावली’, म्हणजे इसापाच्या गोष्टी! मराठी छापील अक्षराच्या बारशालाच ग्रीक गोष्ट हजर होती.

आता मुद्द्यावर येऊ. पुराणकथेतले पात्र वाचायचे कसे?

कादंबरी वाचताना पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक नसते. पुराणकथेचे तसे नाही. कीर्तनाला बसलेल्या माणसाला हरिश्चंद्राचे काय होणार ते माहीत असते, तरी तो रात्री बारापर्यंत बसतो. अथेन्सचा प्रेक्षक असाच होता. ईडिपस आपल्याच बापाचा मारेकरी आहे हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक, ईडिपसला मात्र नाही. तो मारेकऱ्याला शाप देतो, तेव्हा तो स्वतःलाच शाप देतो आहे हे आपल्याला कळते आणि अंगावर काटा येतो. हे नाटक पु. ल. देशपांड्यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणले, ते पुन्हा वाचण्यासारखे आहे. सांगायचे असे, की इथे गंमत ‘काय झाले’ यात नसते. माणूस कसा वागला, यात असते.

पण यातून एक गैरसमज होतो. पात्र म्हणजे ठरलेला स्वभाव, असे आपण धरून चालतो. ग्रीकांकडे गोष्टीचा सांगाडा बराचसा ठरलेला, आणि पात्र मात्र पुन्हा पुन्हा घडवले जाते. होमरच्या ‘ओडिसी’त ईडिपसचे सत्य उघड झाल्यावरही तो थीब्जवर राज्य करीत राहतो, डोळे फोडून घेतल्याचा तिथे उल्लेख नाही. क्रेऑनचे उदाहरण तर फारच बोलके आहे. सोफोक्लीझच्या तीन नाटकांत तो येतो. ‘ईडिपस’मध्ये तो समंजस मेव्हणा आहे, राजा होण्याची हौस नाही म्हणतो. शेवटच्या ‘कोलोनस’च्या नाटकात तो कावेबाज आहे. आणि ‘अँटिगनी’त हुकूमशहा. नाव एक, माणसे तीन! सोफोक्लीझ विसराळू होता असे नाही. ही तीन नाटके एका माळेत लिहिलेली नाहीत, त्यांच्यात कित्येक वर्षांचे अंतर आहे. प्रत्येक वेळी त्याचा प्रश्न वेगळा होता, म्हणून माणूस वेगळा घडला.

ॲरिस्टॉटल म्हणतो की शोकांतिकेत कृती आधी, स्वभाव नंतर. त्याचे काव्यशास्त्र विंदा करंदीकरांनी मराठीत आणले आहे. त्यात ‘हमार्तिया’ हा शब्द आहे. पुष्कळ वर्षे आम्ही वर्गात त्याचा अर्थ ‘नायकाचा दोष’ असा सांगत आलो. आज वाटते, ते अर्धवट होते. मूळ शब्द तिरंदाजाचा आहे, नेम चुकणे. माणूस वाईट असतो म्हणूनच बुडतो असे नाही. चांगल्या हेतूने सोडलेला बाणही चुकतो.

‘अँटिगनी’कडे या नजरेने बघा. इसवी सनापूर्वी ४४१च्या सुमाराचे हे नाटक. दोन भाऊ राज्यासाठी लढले, दोघेही मेले. मामा क्रेऑन गादीवर आला. त्याचा हुकूम असा, की शहरावर चालून आलेल्या पॉलिनायसीझच्या प्रेताला मूठमाती द्यायची नाही, देईल त्याला मृत्युदंड. बहीण अँटिगनी माती टाकते, पकडली जाते, आणि क्रेऑनसमोर सरळ कबूल करते. तिचे म्हणणे असे, की देवांचे अलिखित नियम राजाच्या हुकुमापेक्षा जुने आहेत.

सोफोक्लीझ तिचा स्वभाव वर्णन करून सांगत नाही. तो तिच्या शेजारी दुसरी माणसे उभी करतो. धाकटी बहीण इस्मिनी आधी घाबरते, नंतर म्हणते, मलाही शिक्षेत वाटा दे. अँटिगनी तिला झिडकारते, आणि त्या एका क्षणात नायिकेचा कठोरपणाही आपल्याला दिसतो. बातमी आणणारा पहारेकरी जीव मुठीत धरून बोलतो, आपल्या गल्लीतल्या माणसासारखा. क्रेऑनचा मुलगा हायमन, तिचा वाग्दत्त वर, बापाला समजावतो की पुरात वाकणारी झाडे टिकतात, ताठ राहणारी मुळासकट जातात. तुकोबांचे लव्हाळे आठवले ना? अथेन्स आणि देहू यांत दोन हजार वर्षांचे अंतर आहे, पूर मात्र दोघांनीही पाहिला होता.

शेवट तर बारकाईने वाचावा असा आहे. टायरेसियसच्या इशाऱ्यानंतर क्रेऑन नमतो. वृद्ध नागरिक सांगतात, आधी मुलीला सोडवा, मग प्रेताचे करा. क्रेऑन उलट करतो. आधी प्रेताकडे जातो, मग गुहेकडे. तोवर तिने गळफास घेतलेला असतो. मागोमाग हायमन जातो, राणी जाते. नेम चुकला तो इथेही, क्रमात चुकला. हेगेल म्हणतो की या नाटकात दोन्ही बाजूंना न्याय आहे, कुटुंबाचा आणि राज्याचा, आणि दोघेही एकांगी आहेत. आम्ही हे मत तीसेक वर्षे शिकवले. पण दोघांच्या हातात काय होते ते बघा. तिच्या हातात मूठभर माती, त्याच्या हातात सगळी फौज. तराजू सारखा नव्हता.

आता आपल्या घरची गोष्ट. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, आणि त्यांच्याशी लग्न करण्याची इच्छा धरणारी कुंभारकन्या. सिद्धराम म्हणाले, आम्ही लिंगाला वरले आहे, तू आमच्या योगदंडाशी विवाह कर. तसे झाले, आणि नंतर तिने अग्निप्रवेश केला. दर संक्रांतीला आपण हे बघतो. सात नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, दुसऱ्या दिवशी होमविधीत प्रतीकात्मक कुंभारकन्येला साडी नेसवून अग्नी दिला जातो. लाखो लोक अक्षता टाकतात.

अँटिगनीही गुहेकडे जाताना म्हणते की ही कबर हाच माझा लग्नाचा महाल. दोघी लग्नाच्या उंबरठ्यावर मृत्यूकडे जातात. पुराणकथेतले पात्र समजून घ्यायला आम्ही तीन साधे प्रश्न विचारतो. ती बोलते का? निवड तिची आहे का? तिला उत्तर कोण देतो? अँटिगनी बोलते, निवडते, आणि राजाला तिला उत्तर द्यावे लागते. आपली कुंभारकन्या? एकदा मागणे मागते. त्यानंतर कथा तिच्याविषयी बोलते, ती बोलत नाही. तिला नावसुद्धा नाही, बापाच्या धंद्यावरून आपण तिला ओळखतो. हे आम्ही श्रद्धेवर टीका म्हणून म्हणत नाही, आम्हीही लहानपणापासून अक्षता टाकत आलो आहोत. पण तिच्या बाजूने ही कथा कोणी सांगितली, तर ती कशी सांगेल? युरिपिडीझने आपल्या ‘अँटिगनी’त तिला मरू न देता हायमनशी तिचे लग्न लावले होते. ते नाटक आज हरवले आहे, पण एवढी मोकळीक ग्रीक कवींना होती.

आता अवघड भाग. गेल्या आठवड्यात आम्ही चार पुतळ्यांपाशी उभे होतो. शाळेची सहल आली होती. एका मुलाने विचारले, हे चौघे कोण? सोबतच्या बाई म्हणाल्या, देशासाठी हसत हसत फासावर गेले. उत्तर चुकीचे म्हणणार नाही. पण त्यात नावे नव्हती.

मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे पत्र चालवणारे, कामगारांत वावरणारे. सारडा व्यापारी. चौघांच्या घरच्या भाषा, धर्म, जाती वेगवेगळ्या, म्हणजे सोलापूरच. १९३० साली गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे रोजी इथे गोळीबार झाला, शंकर शिवदारे पडले, जमाव खवळला, पोलीस मारले गेले. काही दिवस शहरातून इंग्रजांचा अंमल उठल्यासारखा झाला. मग १२ मे ते ३० जून मार्शल लॉ. नगरपालिकेवर जो राष्ट्रीय झेंडा मानाने लागला होता, तो घेऊन फिरणे हाच गुन्हा ठरला. क्रेऑनचा हुकूम आपल्या पेठांतून फिरला, म्हणा ना. आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला चौघांना फाशी.

इथे अँटिगनीची आठवण येणे साहजिक आहे. आम्हीही पूर्वी भाषणांत ही तुलना केली आहे, टाळ्याही मिळाल्या. आज ती मागे घेतो. कारण बघा. अँटिगनीने कृत्य केले आणि कबूल केले. या चौघांवर आरोप होता तो पोलिसांच्या खुनाचा, आणि तो त्यांना मान्य नव्हता. वकील दिले, उच्च न्यायालयापर्यंत लढले. म्हणजे त्यांना जगायचे होते! आपण त्यांच्या तोंडी अँटिगनीची कबुली घातली, तर नकळत सरकारी वकिलाचेच म्हणणे मान्य केल्यासारखे होते. त्यांचा गौरव करता करता त्यांच्यावरचा अन्याय आपण पुसून टाकतो.

पुराणकथेला हे चालते. तिथे पात्र प्रश्नासाठी घडवलेले असते, क्रेऑन तीनदा बदलला तरी कोणाचे नुकसान नाही. इतिहासातला माणूस एकदाच जगलेला असतो. त्याला कुंभारकन्येसारखे मुके करून चालणार नाही. म्हणून ग्रीक गोष्टी ऐकायच्या. कुठे कवीने घडवलेले पात्र आहे आणि कुठे जगलेला माणूस, हे ओळखायची सवय त्यांच्यामुळे लागते.

तेव्हा एक विनंती. यात्रेला येताना नातवंडांना घेऊन याल, चार पुतळ्यांपाशी थोडे थांबा. चारही नावे त्यांच्याकडून म्हणवून घ्या. आणि होमाच्या वेळी त्यांनी विचारले, की आजोबा, त्या मुलीचे नाव काय होते, तर गप्प करू नका. माहीत नाही असे सांगा, आणि का माहीत नाही यावर त्यांच्याशी बोला.

आमचे बोलणे इथे थांबवतो. शंका असतील तर घेऊ या.