कोटितीर्थ ते विष्णुपुरी

विष्णुपुरीला इंजिनिअरिंगची चार वर्षं काढली, पण ड्रॉइंग म्हणजे मिनी-ड्राफ्टर आणि सबमिशन. समोरचं धरण कधी काढलं नाही. आता रविवारी सकाळी आम्ही चार-पाच मित्र शंकरसागरच्या काठावर कागद घेऊन बसतो. चित्रकार कोणीच नाही.

खूळ आलं 'अर्बन स्केचर्स'वरून. गॅब्रिएल कॅम्पानारिओने 2007 साली सिएटलहून इंटरनेटवर सुरू केलेला प्रकार. फोटोवरून नाही, जागेवर बसून काढायचं. म्हटलं, काय नवीन कल्पना!

नवीन कसली? कोल्हापूरचा आबालाल रहिमान शंभर वर्षांपूर्वी हेच करत होता. जे.जे.त शिकलेला, शाहू महाराजांचा दरबारी चित्रकार. पण मुंबई सोडून कोटितीर्थाकाठी राहिला आणि तेच तळं वेगवेगळ्या उजेडात रंगवत बसला. 1922 मध्ये महाराज गेले, तेव्हा त्याने ढीगभर चित्रं तळ्यात सोडली असं सांगतात. 1931 मध्ये तोही गेला.

तो एकटा बसायचा. मी एकटा असतो तर दुसऱ्या रविवारी उठलोच नसतो! असो. आमची चित्रं पाण्यात सोडायच्या लायकीचीही नाहीत (मासे तक्रार करतील). पण परवा लक्षात आलं, ऊन चढलं की इथल्या पाण्याचा रंग बदलतो. चार वर्षांत दिसलं नव्हतं.