गाडीचा जीर्णोद्धार

‘अमेरिकन मसल कार, रीस्टोअर केलेली, अपग्रेड केलेली, विकणे आहे.’ अशी जाहिरात दिसली की मी ती दोनदा वाचतो. मी नवी मुंबईत राहतो आणि जुन्या मोटारींचा इतिहास हा माझा आवडीचा विषय. असली गाडी घेण्याची माझी ऐपत नाही, पण त्या ओळीतले दोन शब्द विचार करायला लावतात. रीस्टोअर म्हणजे होती तशी करणे. अपग्रेड म्हणजे होती त्याहून चांगली करणे. मग एकाच गाडीवर ही दोन्ही कामे झाली, तर घेणाऱ्याच्या हाती नेमके काय येते?

मसल कार म्हणजे काय, ते आधी सांगतो. मध्यम आकाराच्या, दोन दारांच्या गाडीत भलेमोठे आठ सिलिंडरचे इंजिन बसवायचे आणि किंमत मात्र तरुणांना परवडेल अशी ठेवायची, ही अमेरिकन कारखानदारांची युक्ती. १९६४ ची पॉन्टियाक जीटीओ हे तिचे ठळक उदाहरण. तिचे इंजिन सुमारे ६,४०० सीसीचे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सीचे होते १,०८९ सीसीचे. म्हणजे जवळजवळ सहा फियाटी एका बॉनेटखाली! पुढे तिकडे विम्याचे हप्ते वाढले, १९७० च्या कायद्याने धुरावर निर्बंध आले आणि १९७३ च्या तेलसंकटाने या दौडीला लगाम घातला. योगायोग पाहा, सिडकोची स्थापना मार्च १९७० मधली आणि वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा. तिकडे त्या गाड्यांचा काळ सरत होता, तेव्हा इकडे आमच्या शहराचे रस्ते आखले जात होते.

या गाड्या नव्या होत्या तेव्हा आपल्या बाजारात का आल्या नाहीत? त्याचे उत्तर मुंबईच्याच इतिहासात आहे. शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये सुटे भाग आणून गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. फोर्डच्या गाड्याही मुंबईत जोडल्या जात. शेठ वालचंद हिराचंद यांना मात्र मोटार इथे घडवायची होती. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि क्रायस्लरशी करार करून १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्या बाहेर पडू लागल्या. तिन्ही मुळात एकच. पुढची जाळी आणि नाव तेवढे वेगळे.

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की ज्यांना टप्प्याटप्प्याने भाग इथे बनवायचे नाहीत, त्यांनी नुसती जोडणी करू नये. त्यानंतर जनरल मोटर्सने आणि फोर्डने इथला गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली, पण ती इटलीच्या फियाटकडे वळली. आयातीवर कडक बंधने आली. त्यानंतर मोठी अमेरिकन गाडी या देशात आली, ती बहुधा परदेशी वकिलातीतल्या साहेबांबरोबर. साहेब मायदेशी परतले, की गाडी इथे विकली जाई.

घेणाऱ्याची खरी परीक्षा पुढे होती. सुटा भाग मिळायचा नाही आणि पेट्रोलचा खर्च सोसायचा नाही. मग आपल्याकडचे अपग्रेड सुरू झाले. आठ किंवा सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन उतरवून तिथे पर्किन्ससारखे डिझेल इंजिन चढवायचे. दुसऱ्याच गाडीचा गिअरबॉक्स आणून बसवायचा. बुश लेथवर वळवून घ्यायचे. अमेरिकेत अपग्रेड म्हणजे जास्त ताकद; आपल्याकडे अपग्रेड म्हणजे गाडी चालू राहणे. आज जुन्या गाडीत डिझेल इंजिन दिसले, की शौकीन नाक मुरडतात. पण मेस्त्र्यांनी तसे केले नसते, तर यातल्या किती गाड्या तेव्हाच भंगारात गेल्या असत्या!

आजच्या जाहिरातीतले अपग्रेड निराळे. ड्रम ब्रेकच्या जागी डिस्क ब्रेक, कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन, मोठा रेडिएटर आणि विजेवर चालणारा पंखा. सायन-पनवेल मार्गावरच्या कोंडीत उभे राहायचे तर हे हवेच. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. जुने रबरी पाइप आणि सील त्याला टिकत नाहीत, तेही बदलावे लागतात.

इथेच कायदा आडवा येतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरे असलेला खास क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षांची. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते, रोजच्या वापराला नाही. १९६४ ते १९७३ च्या मसल कार आता या वयात बसतात. पण अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. म्हणजे ज्या अपग्रेडची जाहिरातीत बढाई, तेच नोंदणीच्या वेळी नडू शकते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार इंजिन बदलायला परिवहन कार्यालयाची मंजुरी आणि आरसी बुकात नोंद लागते. आयातीचे कागद आणि चासी क्रमांकही ताडून पाहायला हवेत. चकचकीत रंगाला भुलून लाखो रुपये मोजायचे आणि गाडी दारात उभी ठेवायची, ही वेळ कुणावर येऊ नये.

मूळ स्वरूपाचा आग्रह मला समजतो. तो नसता, तर जुन्या सांगाड्यात काहीही भरून व्हिंटेज म्हणून विकले गेले असते. पण आपल्याकडे अमेरिकन गाड्यांचा इतिहास हाच मुळी फेरफारांचा इतिहास आहे. डिझेलवर तगलेली कुर्ल्याची डॉज ‘मूळ’ नाही, म्हणून ती वारसाही नाही, हे मला पटत नाही. अशा गाड्यांसाठी, त्यांतले बदल नोंदवून घेणारा वेगळा वर्ग असावा असे मला वाटते.

तोवर विकणाऱ्याला एक करता येईल. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार झाला, की कोणी केला, कोणत्या साली केला, याचा दगड भिंतीत बसवतात. तसे गाडीचेही करावे. काय मूळचे, काय बदलले, कधी आणि का, याची यादी करून कागदांसोबत द्यावी. उतरवलेले जुने भाग भंगारवाल्याला न घालता पेटीत भरून गाडीबरोबर द्यावेत. घेणाऱ्याने दर विचारण्याआधी ही यादी मागावी.